नागोरावांचे निळे डबे

भोजाळ्याच्या नागोरावांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे स्वतःचं नाव, आणि दुसरी म्हणजे घरातली कुठलीही वस्तू आपण वाया जाऊ देत नाही ही. या दोन अभिमानांनी मिळून त्यांची जी फजिती केली, ती इचोड्याच्या बाजारात अजूनही चहाबरोबर सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लावतो. आपण तसं काही करणार नाही, कारण तशी गरजच नाही.

नागोरावांचं गावात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. ब्रश सदा हाताशी, म्हणून दिसेल त्या वस्तूवर आपलं नाव लिहायची खोड लागलेली. बादलीवर नागोराव, शिडीवर नागोराव, फावड्याच्या दांड्यावर नागोराव. रुख्मिणीबाईंच्या पोळपाटाच्या पाठीवरही तांबड्या ऑइलपेंटात नागोराव, त्यामुळे कधी पाट उलटा पडला तर पोळीवर नवऱ्याचं नाव उमटायचं. कापसाच्या फवारणीचं औषध ज्या निळ्या, पाच-पाच लिटरच्या डब्यांतून यायचं, ते रिकामे झाले की त्यांच्यावरही ठसठशीत नागोराव. एका बाजूला कवटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला मालकाचं नाव. गावातल्या वात्रट पोरांना यात बरंच काही सुचायचं, पण ते राहू द्या.

हे सगळं जमा व्हायचं घराच्या मागच्या खोलीत. अर्धे उरलेले रंग, थिनर, संडासात टाकायचं अॅसिड, उंदरांचं औषध, मेलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी, गेलेल्या ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, आणि भिंतीला लावून रचलेले ते निळे डबे. कोणी विचारलं की नागोराव एकच वाक्य बोलायचे, "कामी येईन." त्या खोलीतली एकही वस्तू आजवर कोणाच्या कामी आली नव्हती. एकदा एक मांजर तिच्यात जाऊन आली आणि पुन्हा कधी नागोरावांच्या गल्लीत दिसली नाही.

नेमकी हीच खोली बाळंतिणीची. घरातली तेवढीच एक खोली उबदार, वाऱ्याआड, न्हाणीला लागून. नागोरावांची लेक मयूरी निर्मल गावात दिलेली, तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. तिला दिवस गेले, सातवा लागायला आला, आणि एका सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, थे खोली साफ झाल्याबिगर मी येत नाई. त्या वासात मी लेकरू घेऊन निजू काय?"

"अवं बाई, वास कायचा? रंगाचाच तं हाय."

"रंगाचा असो का जहराचा, माह्या लेकराच्या नाकात नाई गेला पायजे. सासूबाई तं म्हनूनच राह्यल्या, बाळंतपन निर्मललेच करू."

नागोरावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पहिलं बाळंतपण सासरी! या भागात माहेरचं नाक कापायला यापेक्षा धारदार सुरी नाही. लोक म्हणणार, नागोरावाला लेकीचं बाळंतपण झेपलं नाही. त्यात विहीणबाई रेणुकाबाई म्हणजे लग्नातल्या वरणात मीठ कमी होतं हे अजून चारचौघांत सांगणाऱ्या. त्यांना असला मुद्दा मिळाला तर त्यांनी तो नातवाच्या लग्नापर्यंत पुरवून वापरला असता.

"होते साफ," नागोराव म्हणाले. "त्यात काय हाय?"

त्यात काय हाय, हे सांगायला शेजारचे सुधाकरराव ताबडतोब हजर झाले. सुधाकरराव तहसिलीतून निवृत्त झाले होते, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. कोणाच्या घरी वरण करपलं तरी ते "मामला काय हाय?" असं विचारत आत यायचे.

"मामला सोपा हाय," खोलीत एक नजर टाकून ते म्हणाले. "सारं नाल्यात सोडा. पानी आपलं काम करते."

"नाल्यावर मथुराबाईच्या म्हशी पानी पेतात," आतून रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"मंग जाळून टाका."

"थिनर?" रुख्मिणीबाईंनी फक्त एवढंच विचारलं. सुधाकररावांनी थोडा विचार करून आपली सूचना तहकूब केली.

शेवटी नागोरावांनी स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली, आणि त्यांच्या डोक्यातून निघालेल्या युक्त्यांचा जो इतिहास आहे त्याला ती शोभेशीच होती. गल्लीत रोज सकाळी ग्रामपंचायतीचा कचऱ्याचा ट्रॅक्टर यायचा. नागोरावांनी दोन पोती भरली, वरून पालकाचे देठ आणि कांद्याची सालं पसरली, आणि ट्रॅक्टर चालवणारा, खुशाल नावाचा पोरगा, बिडी पेटवत होता तेवढ्यात पोती ट्रॉलीत लोटून दिली. दिवसभर ते दुकानात अशा थाटात बसले होते की गिऱ्हाईकाला वाटावं, याला आज लॉटरी लागली.

संध्याकाळी ट्रॅक्टर परत आला. त्याच्या भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं चालू असायचं, ते नागोरावांच्या दारासमोर येऊन बंद पडलं, आणि खुशालचा आवाज आख्ख्या भोजाळ्यानं ऐकला.

"नागोराव काका, तुमचं जहर वापस घ्या हो! हे वल्ल्यातबी बसत नाई न् सुक्यातबी बसत नाई!"

नागोराव धावत बाहेर आले. "अबे, भोंगा बंद कर! अन् हे माहंच हाय कायवरून?"

खुशालनं एक निळा डबा उचलून दिव्याखाली धरला. तांबड्या अक्षरांत, सुबक, वळणदार: नागोराव. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. ज्या माणसानं गेल्याच वर्षी हातात झाडू घेऊन स्वच्छतेचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता, त्यानं आपली पोती आपल्याच पाठीवर घेऊन आत नेली.

मग सुरू झाल्या सरकारी फेऱ्या. गाव तेलंगणाच्या हद्दीत, म्हणून पंचायतीचे सेक्रेटरी तेलुगू, सज्जन माणूस. पोत्यात डोकावून ते हात जोडून म्हणाले, "इदि मादि कादंडी," म्हणजे हे आमच्याकडचं नव्हे. नागोरावांना तेवढी तेलुगू येत होती, कारण कुठल्याही ऑफिसात हेच वाक्य आधी कानी पडायचं. सेक्रेटरींनी शेतकीच्या ऑफिसात पाठवलं. तिथल्या साहेबांनी फवारणीची औषधं पाहिली आणि म्हणाले, यात ट्यूबलाइट आहेत, ट्यूबलाइट शेतात पिकत नाहीत. सरकारी दवाखान्यात म्हणाले, गोळ्या ठेवा, पण हे अॅसिड इथून आधी उचला, पेशंट घाबरून राहिले. सुधाकरराव प्रत्येक ठिकाणी सोबत होते आणि प्रत्येक ठिकाणी म्हणत होते, "एक दरखास्त देऊन टाका, नागोराव. जिम्मेदारी त्यायच्यावर जाते." जिम्मेदारी कोणावरही गेली नाही. ती पोत्यात होती आणि पोतं नागोरावांच्या खांद्यावर होतं.

लेकीनंच शेवटी वाट काढली. एका खासगी कारखान्याची गाडी इचोड्याच्या बाजारात असला घातक कचरा घ्यायला येते, हे तिनं शोधलं. मग फोनवरून तिनं बापाला असं समजावलं जसं ती दवाखान्यात नव्या आयांना समजावते.

"आयका बाबा. काहीच एकमेकात मिसळाचं नाई. जे ज्या बाटलीत हाय, थे त्याच बाटलीत, झाकन घट्ट लावून, उभं ठेवाचं. ट्यूबा कागदात गुंडाळा. बॅटरी बॅटरीवाल्याच्या दुकानात. अन् थे निळे डबे तीन डाव धुवाचे, धुतलेलं पानी फवारनीच्या पंपात टाकाचं, अन् मंग डब्याले खिळ्यानं भोक पाडाचं."

"भोक? चांगल्या डब्याले?"

"हो. नाईतं कोनीतरी त्याच्यात खायाचं काही ठेवते. भोक पाडाचंच."

बांधाबांधीच्या दिवशी सुधाकरराव मदतीला आले, म्हणजे खुर्ची टाकून बसले. अर्धी बाटली अॅसिड आणि एका डब्यात थोडी ब्लीचिंग पावडर उरलेली पाहून त्यांच्यातला जुना कारकून जागा झाला. दोन अर्धवट प्रकरणं एका फायलीत घालण्याची त्यांना आयुष्यभराची सवय. "दोन कायले पायजे? एकच करून टाका," म्हणत त्यांनी, नागोराव पाठमोरे असताना, बाटली त्या डब्यात ओतली.

जे निघालं ते हिरवट-पिवळं होतं आणि थेट नाकात शिरलं. सुधाकरराव खुर्चीसकट मागे गेले. नागोरावांनी त्यांच्या बखोटीला धरलं, रुख्मिणीबाईंनी तोंडाला पदर लावून दारं-खिडक्या उघडल्या, आणि तिघं रस्त्यावर येऊन असे खोकत उभे राहिले की जाणाऱ्यानं विचारावं, कोणी गेलं का. डोळे पुसत, खोकत, सुधाकरराव म्हणाले, "मालात मिलावट हाय." दोष आपल्यावर येऊ न देण्याची ही विद्या तहसिलीतच शिकवली जाते.

खोलीतला वास निघून गेल्यावर नागोराव खिळा आणि हातोडी घेऊन डब्यांपुढे बसले. दोनदा धुणं झालं होतं, तिसरं त्यांनी मनातल्या मनात उरकलं होतं. एक डबा त्यांनी मांडीवर घेतला. घट्ट झाकण, मजबूत मूठ, कुठे चीर नाही, आणि वर स्वतःच्या हातानं काढलेलं स्वतःचं नाव. खिळा टेकवला. हातोडी वर गेली आणि वरच राहिली. घरात पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईचा पुठ्ठ्याचा डबासुद्धा ज्यानं कधी फाडला नाही, त्याच्या हातून हे पाप कसं घडावं?

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून मथुराबाईंचं डोकं वर आलं. मथुराबाईंच्या पाच म्हशी, आणि अर्ध्या गावाला दूध त्यांचं.

"अवं भाऊजी, सोन्यासारखे डबे फोडून राह्यले काऊन? मले द्या ना."

"मयूरी नाई म्हनते. खायाचं ठेवाचं नाई म्हनते."

"खायाचं कोन ठेवते बापा? सरकी भिजवाले होतीन. शेनाच्या पान्याले होतीन."

नागोरावांनी इकडेतिकडे पाहिलं. रुख्मिणीबाई न्हाणीत होत्या. "धुतले हायेत," ते हळूच म्हणाले, "तीन डाव." आणि एकेक करून सगळे डबे कुंपणावरून पलीकडे गेले. नागोरावांना मोकळं वाटलं, शिवाय दानाचं पुण्यही लाभलं.

इचोड्याची फेरी मग झकास झाली. शेअर ऑटोत ट्यूबलाइट उभ्या धरून बसलेल्या नागोरावांना दोन बायकांनी आळीपाळीनं शिव्या दिल्या, बॅटरी सुधाकररावांच्या पायावर एकदाच पडली, पण माल पोचला. गाडीवरच्या माणसानं सगळं नीट मांडून घेतलं आणि विचारलं, "चाचा, खाली डब्बे?"

"नहीं हैं," नागोराव म्हणाले, आणि हे अक्षरशः खरं होतं. त्यांनी गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सुरुवात स्वतःपासून.

पुढचे दिवस त्यांचे मोठ्या मजेत गेले. खोलीला चुना झाला, खाट आली, शेगडी आली. स्टँडवरच्या हॉटेलात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला घातक कचरा म्हणजे काय ते समजावून सांगायचे. "आजकाल तुह्या चहाले येगळीच चव येऊन राह्यली," असं त्यांनी हॉटेलवाल्याला कौतुकानं सांगितलंही. पोटात जरा गुडगुड असायची, ती त्यांनी नातवाच्या काळजीवर घातली.

मयूरी आली ती सासूला घेऊनच. रेणुकाबाईंनी मागच्या खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन नाक वर करून वास घेतला. खाटेखाली वाकून पाहिलं. भिंतीवर बोट फिरवलं. बोटाला चुना लागला, दुसरं काही लागलं नाही.

"बरं केलं इवाईबुवा," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "ठेवते मी तुमच्या लेकीले इथंच."

नागोरावांनी हे वाक्य कानात साठवून ठेवलं. विहिणीच्या तोंडून 'बरं केलं' ऐकलेला तालुक्यातला तो पहिला व्याही असावा. रुख्मिणीबाईंनी ताटं वाढली, गरम खिचडी, वर वाफ. आणि त्याच घडीला मागच्या दारातून हाक आली.

"मयूरी बाई! आली का वं माय? तूप आनलं तुले. घरच्या म्हशीचं, कालच कढवलं."

मथुराबाई आत आल्या. हातात निळा डबा होता.

"भाऊजीनं डबे देल्ले होते," त्या कौतुकानं सांगू लागल्या. "आता दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं वापस देऊ? त्यात लेक पोटुशी." आणि त्यांनी पळीभर तूप मयूरीच्या खिचडीवर सोडलंसुद्धा.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा भोजाळ्याचा रिवाज. साखर घाला, दोन मिरच्या घाला, काही नाही तर मूठभर ज्वारी, पण तळ दिसू द्यायचा नाही. नागोराव याच रिवाजात वाढले होते, आणि डबे देताना नेमका तोच विसरले होते.

मयूरीनं घास कालवला. नागोरावांनी डबा ओळखला. तोंड उघडलं तर विहिणीसमोर अब्रू जाते, नाही उघडलं तर घास लेकीच्या तोंडात जातो. इतका वेळ ज्या माणसाची आपण चेष्टा केली, त्याच्या बाजूनं एवढंच सांगता येईल की त्यानं फार वेळ लावला नाही. तो उठला आणि त्यानं लेकीच्या पुढ्यातलं ताट लाथेनं उडवलं.

खिचडी रेणुकाबाईंच्या पदरावर गेली.

"इवाईबुवा!"

मयूरी बापाकडे पाहत राहिली, मग तिची नजर डब्यावर गेली. तिनं डबा हळूच फिरवला. एका बाजूला बापाचं नाव. दुसऱ्या बाजूला खरवडलेल्या कागदातून अर्धी कवटी तिच्याकडे पाहत होती.

"भोक?" तिनं विचारलं.

नागोरावांनी कोपऱ्यातल्या हातोडीकडे पाहिलं.

"मथुरामावशी, बाकीचे डबे कोठी हायेत?"

मथुराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "वाटले ना बाई. लोनच्याले एकीनं नेला, डाळीले एकीनं. अन् दोन डब्यात तं रोज हॉटेलात दूध जाते."

नागोरावांचा हात आपोआप पोटावर गेला.

नर्सनं मग वेळ घालवला नाही. हॉटेलवाल्याला आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लंप्यालं त्यांना दवाखान्यात धाडलं, बापाला सगळ्यांत आधी. देवाच्या दयेनं कोणाला गुडगुडीपलीकडे काही झालं नव्हतं. आणि डबे गोळा करायला खुशालचा ट्रॅक्टर निघाला. स्वच्छतेचं गाणं पुन्हा एकदा थांबलं.

"आयका हो! ज्यायच्या घरी नागोराव काकाच्या नावाचा निळा डबा असन, त्यायनी तो आत्ताच्या आत्ता काकाच्या घरी नेऊन द्यावा! त्याच्यातलं काहीच खाऊ नका!"

शेवटचं वाक्य भोंग्याच्या खरखरीत कोणाला ऐकू आलं नाही. पहिलं मात्र सगळ्यांना आलं, आणि सगळ्यांना माहीत होतं की नागोरावांची लेक बाळंतपणाला आली आहे. तासाभरात नागोराव दवाखान्यातून परतले, आणि डबे येऊ लागले. एकही रिकामा नव्हता. कोणी गूळ भरून आणला, कोणी खारकांची पूड, कोणी शेवया, कोणी लोणच्यावर ताजं तेल सोडून. प्रत्येक बाई डबा ओसरीवर ठेवायची, मयूरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची आणि म्हणायची, "खाय माय, सारं तुह्यासाठीच हाय." ओसरीवर जहराची रांग लागली, आणि प्रत्येकावर तांबड्या अक्षरांत नागोराव.

रेणुकाबाई पदरावरचा खिचडीचा डाग अजून चोळत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर नागोरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मयूरीची पिशवी उचलली.

"चाल बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी डबे कमी हायेत."

मयूरी गेली. जाताना दारात थांबून तिनं बापाच्या हातात हातोडी दिली. नागोरावांनी त्या दुपारी अंगणात बसून एकेक डबा कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला, आणि एकेकाला भोक पाडलं. गावच्या बायकांची माया त्या पिंपात पडताना पाहून त्यांना रडू आलं, आणि ते रडले.

बाळंतपण निर्मलला झालं. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं तेव्हा नागोरावांनी जिवाला लागलेलं सगळं विसरून जायचं ठरवलं. इचोड्याहून नवा कोरा स्टीलचा डबा आणला, डिंकाच्या लाडवांनी काठोकाठ भरला, आणि दुकानदाराकडून मशीननं नावही घालून घेतलं. रुख्मिणीबाई म्हणाल्या, नाव कायले? नागोराव म्हणाले, भांडं कोनाचं हाय हे समजलं पायजे.

रेणुकाबाईंनी डबा हसून घेतला. मानपान केला, जावई हर्षदीपनं पाया पडून सासऱ्याला टोपी घातली, नात मांडीवर दिली. नातीनं आजोबांचं बोट धरलं आणि नागोरावांना वाटलं, मिटलं सगळं. निघताना विहीणबाईंनी डबा स्वच्छ फडक्यात बांधून परत दिला.

बसमध्ये नागोराव फडक्यावर हात ठेवून बसले होते. "पाह्य," ते बायकोला म्हणाले, "रीत सोडली नाई इहीनबाईनं. बर्फी असन. हलका लागते म्हनजे बर्फीच असन."

घाटात ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा त्यांना धीर धरवला नाही. त्यांनी गाठ सोडली, झाकण काढलं. डबा रिकामा होता. लख्ख घासलेला, आतून पाण्याचे थेंब अजून वाळायचे होते. आणि बुडाला मधोमध, खिळ्यानं पाडलेलं नेमकं एक भोक. त्यातून उन्हाचा एक ठिपका नागोरावांच्या गुडघ्यावर पडला होता.

रुख्मिणीबाईंनी डबा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "धुतला बी, फोडला बी. नियमानंच केलं त्यायनी." आणि त्यांनी तो खिडकीतून बाहेर टाकायला हात उचलला.

"थांब वं!" नागोरावांनी डबा घाईघाईनं परत छातीशी ओढला. "फेकतं कायले? तुळस लावाले कामी येईन. भोक तं पडेलच हाय."